समोर उतार नाही

इंजेक्शन टोचून झाल्यावर कंपाउंडरने कापसाचा बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दाबून धरा काका, चोळू नका." मी दाबून धरला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून दत्त चौकाकडे वळलो, बोळा फेकायचा म्हणून हाताकडे पाहिलं, तर दोन्ही अंगठे आपणहून कामाला लागले होते. चिमूट धरायची, ओढायची, तुटलेलं टोक पहिल्या टोकावर ठेवायचं, पुन्हा ओढायचं. तीन-चार ओढींत तंतू सरळ होतात आणि लांबी कळते. सव्वीस वर्षं मी एवढंच केलं. डोळे मिटून सांगायचो, हा अठ्ठावीस मिलिमीटर, हा एकोणतीस, ही हंगामानंतरची फरदड आहे, हा कापूस रात्री पाणी मारून आणलाय. त्या दिवशी चौकात ऑटोवाले आर्णी रोड, आर्णी रोड म्हणून ओरडत होते आणि माझ्या बोटांना काहीच कळलं नाही. दवाखान्याचा कापूस आखूडच असतो, त्यात कळायचंय काय, असं मी स्वतःला समजावलं. पण तो आखूड आहे हेसुद्धा कळलं नव्हतं. चिमटीत काहीतरी आहे, इतकंच. बोळा मी खिशात टाकला आणि चालत घरी आलो.

घरी कोणाला बोललो नाही. बायको म्हणाली असती, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. खरंच होतं ते. आमचं कापूस खरेदी केंद्र बंद होऊन तीन वर्षं झाली होती, आम्हा ग्रेडरांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं होतं. तेव्हापासून मी दमलेला होतो. काम करून येणारा थकवा झोपेनं जातो, हा झोपून उठल्यावर जास्त असायचा. दात घासताना दमायचो, पेपर उघडताना दमायचो. पेपरात कापसाचीच बातमी असायची आणि ती मला न वाचता पाठ होती. केंद्रावर असताना बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मी गाडीच्या साट्यावर पाय ठेवून खोल हात घालायचो आणि मधला कापूस काढायचो, कारण वरचा सगळेच चांगला ठेवतात. गाडीवाला काट्याकडे बघायचा नाही, माझ्या बोटांकडे बघायचा. "उतारा कितीक पडन साहेब?" म्हणजे सरकी काढल्यावर रुई किती निघेल. बोंडअळीच्या वर्षांमध्ये माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, कवडी. पिवळा, डागी, मेलेला कापूस. मी तो शब्द खरा बोलायचो आणि पुढच्या गाडीकडे वळायचो. चेहरा पाहिला की धागा लांब वाटायला लागतो, म्हणून चेहरा पाहायचाच नाही, हे मी पहिल्या हंगामातच शिकलो होतो. खोटं मी कधी बोललो नाही. याचा मला अभिमान होता, आणि निवृत्तीनंतर त्या अभिमानाचं नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात निशीचा फोन आला. निशिगंधा, आमची एकुलती एक. बी.एस्सी. अर्धवट सोडून ती कोलाडला गेली होती, तिथं पर्यटकांना रबरी बोटीतून नदीच्या खळाळातून नेतात त्या कामाला. लोकांच्या मुली कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जातात, आमची वल्हं मारायला गेली. "बाबा, पोळा झाला की आम्ही पैनगंगेवर येतोय," ती म्हणाली. "सहस्रकुंड धबधब्याच्या खाली बोट सोडायची आणि जंगलातून चार दिवस खाली यायचं. कंपनीला बघायचंय, इकडे सहली आणता येतील का. खेमसिंगभाई आहेत, ऋषिकेशचे, ते आमचे मुख्य. त्यांना इकडची भाषा येत नाही. पुढचं पाणी कसं आहे ते काठावरच्या लोकांना विचारायला कोणीतरी हवं. तुम्ही चला."

"तुला नाही का येत भाषा?"

"मला यवतमाळची येते बाबा. काठावरचे लोक बोलतात ती कुठं येते?" ती हसली.

मी नाही हसलो. ती भाषा तिला येत नव्हती कारण मीच ती येऊ दिली नव्हती. नागपूरला ट्रेनिंगला असताना मी 'मले' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मी 'मला' म्हणू लागलो, आणि मुलगी झाल्यावर तिच्याशी पुस्तकातल्यासारखंच बोललो. माझी आई, रुखमाबाई, नातीला म्हणायची, "काहून रडून राह्यली व माय?" मी लगेच म्हणायचो, आई, तिच्याशी नीट बोल. आई मग तिच्याशी बोलायचीच कमी. मेली तेव्हा निशी सात वर्षांची होती आणि आजीचा एकही शब्द तिच्या तोंडात नव्हता.

फोनवर निशीने दुसरीही गोष्ट सांगितली, आणि सफरीचे चारही दिवस ती माझ्या छातीवर होती. या सफरीत एक दिवस बोट तिच्या हुकमाने चालणार होती. खेमसिंगने पास केलं तर ऑक्टोबरपासून ऋषिकेशला पक्की नोकरी. नाही केलं तर ती घरी येणार आणि आईने आर्णीचा मास्तर पाहून ठेवला होता त्याला भेटणार. तिने आईला तसा शब्द दिला होता. "आईला वाटतं मी नापास व्हावं," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, मला काय वाटायचंय, तुझं भलं व्हावं. हे वाक्य बाप म्हणतात म्हणून मी म्हटलं. मला ती घरात हवी होती. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरातून तिचा आवाज यावा, आर्णीतून दर रविवारी एसटीने तिने यावं, माझ्या रिकाम्या दिवसांमध्ये काहीतरी असावं, असं मला वाटत होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस बोटीत मी सामानासारखा बसलो होतो. डोक्यावर हेल्मेट, अंगावर फुगीर जाकीट, एकोणपन्नास वर्षांचं पोट त्यात कोंबलेलं. खेमसिंग मागे बसून हुकूम द्यायचा, निशी पुढे, मी मध्ये, आम्ही तिघंच. तो "फॉरवर्ड" म्हणाला की मी वल्हं मारायचो, "स्टॉप" म्हणाला की थांबायचो. किती बरं वाटलं ते! कोणीतरी सांगतंय आणि आपण करतोय. दोन्ही काठांना साग, मध्येच एखादा मोठा अर्जुन पाण्यावर वाकलेला, आणि पाऊस नुकताच उघडल्यामुळे पाणी चहाच्या रंगाचं. खळाळ आला की तोंडावर पाणी आदळायचं, मग पुन्हा संथ डोह आणि इतकी शांतता की जाकिटावरून निथळणारे थेंब ऐकू यायचे. निशी अशा वेळी पाण्याकडे बघत बसायची. मी कापसाकडे बघायचो तशी. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं आणि दिसलं नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी एका तांड्याजवळ थांबलो. मी माणसांना आमची नावं सांगितली. खेमसिंग हे नाव ऐकताच दोन म्हातारे खुलले. आपल्यातलाच बंजारा समजून त्याच्याशी गोरबोलीत भडाभडा बोलायला लागले. तो बिचारा हात जोडून उभा. "रतनजी, ये क्या पूछ रहे हैं?" मला तो रतनजी म्हणायचा, धम्मरत्न त्याच्या जिभेला झेपत नव्हतं. मी म्हणालो, तुझं गोत्र विचारत असतील. निशी पोट धरून हसली. मीसुद्धा हसलो, आणि हसताना बरगड्या दुखल्या, इतक्या दिवसांत त्या वापरल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी वाळूवर पाय पसरून बसलो असताना मला आमच्या गावची नदी आठवली. कळंब तालुक्यातलं लहानसं गाव, शाळा पलीकडच्या काठाला. गावाचा उतार वरच्या अंगाला होता, गुडघाभर पाण्याचा, तळाला फरशीसारखा खडक. आमच्या वस्तीचा उतार खाली. तिथं पाणी कमरेएवढं आणि तळ दर पुराला बदलायचा. बाबासाहेबांच्या मागे जाऊन आमच्या लोकांनी धर्म बदलला, पण उतार बदलला नव्हता. आई रोज सकाळी मला काठावर उभं करून एकटी पाण्यात शिरायची. हातात बोराटीची काठी. काठी पुढे टेकवायची, मग पाय. पुन्हा काठी, पुन्हा पाय. मधोमध पोचली की वळून माझ्याकडे बघायची. "उतार हाय रे!" म्हणाली की मग परत येऊन मला खांद्यावर घ्यायची. पाणी चढलं असेल तर माघारी फिरायची आणि म्हणायची, "आज उतार नाही, धम्मा." मग शाळा बंद. पायी पार होता येतं तो उतार. उतार नाही, म्हणजे पाय ठेवायचा नाही, मरण आहे. हे मी निशीला सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती खेमसिंगशी दुसऱ्या दिवसाच्या हुकमांबद्दल बोलत होती. ते राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी मागच्या जागेवर निशी बसली. आवाज तिचाच, पण घरात मी तो कधी ऐकला नव्हता. दोन खळाळ तिने असे काढले की खेमसिंग वळून माझ्याकडे बघून हसला. तो हसला आणि माझं मन खट्टू झालं, हे लिहायला लाज वाटते. दुपारी बाराच्या सुमाराला उजव्या काठावर एक म्हातारा शेळ्या पाजत होता. मी ओरडून नाव विचारलं. धावजी म्हणाला.

"धावजीबुवा, समोरचं पानी कसं हाय?" मी विचारलं.

"पानी लय हाय!" त्यानं काठी उंचावून खालच्या अंगाला दाखवलं. "पन समोर उतार नाही, बापू. समोर उतार नाही!"

"काय म्हणाला?" निशीने विचारलं.

"पाणी भरपूर आहे म्हणतो. पुढे उतार नाही."

मी जसंच्या तसं सांगितलं. शब्द एक इकडचा तिकडे केला नाही. निशीच्या मराठीत उतार म्हणजे घाटातला उतार, रस्त्याचा उतार. तिने खेमसिंगला सांगितलं, "आगे ढलान नहीं है, पानी अच्छा है." तो म्हणाला, बढ़िया. म्हातारा काठीने अजून काहीतरी दाखवत होता. आम्ही त्याच्यापुढून वाहत निघून गेलो. वळणाआधी आवाज यायला लागला, खालून, तळातून येणारा. निशीने वल्हं आडवं धरलं. "बाबा, थांबून काठाने चालत बघून येऊ का?" तिने मला विचारलं, कारण म्हाताऱ्याशी मी बोललो होतो. माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी आई उभी होती. कमरेएवढ्या पाण्यात, काठी घेऊन, माझ्याकडे वळलेली. हे मला नंतर सुचलेलं नाही. तेव्हाच दिसलं. आणि मी म्हणालो, "उतार नाही म्हणतो ना तो."

माझा आवाज दमलेला होता. केंद्रावर 'कवडी' म्हणायचो तोच. निशीने हुकूम दिला, "फॉरवर्ड."

वळणापलीकडे नदीच खाली गेली होती. काळ्या खडकांचे दात, त्यांच्यामध्ये पांढरं पाणी, आणि मध्ये एक खड्डा, ज्यात पाणी उलटं फिरत होतं. निशी ओरडली ते ऐकलं, मग बोट आडवी झाली, मग वर खाली काही राहिलं नाही. मी बोटीच्या खाली होतो. तिथं अंधार होता आणि आवाज अजिबात नव्हता. मला भीती वाटली नाही हे खरं सांगतो. वाटलं, चला, झालं. इतका आराम मला तीन वर्षांत मिळाला नव्हता. मग कोणीतरी जाकिटाचा खांदा धरून हिसडा दिला आणि मी उजेडात आलो, खोकत, ओकत. निशी मला छातीवर घेऊन पाठीवर पोहत होती, पाय पुढे करून. उजव्या काठाला तिने मला खडकावर ढकललं आणि वळून दोरीची थैली फेकली, कारण खेमसिंग अजून पाण्यात होता आणि त्याचा एक हात चालत नव्हता. मीही दोरी धरली. दोघांनी ओढला त्याला. दोरीने माझे तळवे सोलून निघाले, ते मला रक्त दिसल्यावर कळलं.

खेमसिंगचा खांदा निखळला होता. निशीने त्याला खडकावर उताणं पाडून, हात हळूहळू ओढत तो बसवला. तो किंचाळला आणि मग बराच वेळ पडून राहिला. बोट खडकांत फाटून अडकली होती. दुपार उतरली तसा तो उठून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "निशी, आवाज सुना था न तूने? बिना देखे उतर गई. मैं पास कैसे करूँ तुझे?"

ती पाण्याकडे बघत होती. तिने सांगायला हवं होतं, बाबांना विचारलं होतं, बाबा म्हणाले. एवढं एक वाक्य. मी त्याची वाट बघत होतो. "मेरी गलती है, भैया," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. बाबा बिचारे आहेत, म्हातारे होत चाललेत, त्यांना कशाला मध्ये आणायचं, असं तिला वाटलं असेल. मी गप्प बसलो. मी खोटं कुठं बोललो होतो? म्हातारा म्हणाला तेच सांगितलं. आणि आता ती घरी येणार होती. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी ओल्या कपड्यांत खडकावर बसून काकडत होतो. चटके बसणारं ऊन होतं, तरी काकडत होतो. निशीने सामानातून तरंगून आलेली एक चादर शोधली, पिळली, आणि माझ्या खांद्यावर टाकली. मला बोलतं करायला तेवढं पुरेसं व्हायला हवं होतं. झालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही उजव्या काठाने चालत निघालो. म्हणजे दक्षिणेच्या. रस्ता, जीप, यवतमाळ, सगळं पलीकडे. खेमसिंगचा हात गळ्यात बांधलेला, निशीच्या खांद्यावर उरलेलं सामान आणि हातात एकच वाचलेलं वल्हं. दोन तास चाललो असू. एका अर्जुनाखाली एक बाई शेळ्या घेऊन बसली होती, पन्नाशीची, हातभर चुडे. आम्हाला पाहून ती उठलीच.

"तुमीच का ते रबराच्या बोटीवाले? जित्ते हाय ना माय!" ती म्हणाली. "म्या हंसाबाई. आमचा बुढा, धावजी, रातभर जेवला नाही. म्हने, बोंबलून सांगतलं समोर उतार नाही, तरी गेले. दातायमदी गेले. सांगतलं होतं ना तुमाले? मंग कायले गेले?"

निशी थांबली. बाईच्या तोंडाकडे, मग नदीकडे, मग अर्जुनाखालच्या पायवाटेकडे तिने पाहिलं. ती पायवाट पाण्यात शिरत होती आणि पलीकडे निघत होती. "मावशी," तिने सावकाश विचारलं, "उतार म्हणजे काय?"

"आता गं! पायानं पार होते तो उतार. हा काय, हितं हाय. लहान लेकरायलेबी मालूम असते."

"क्या कह रही है?" खेमसिंगने विचारलं. माझ्याकडे बघून. चार दिवस हेच माझं काम होतं. निशी आता माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि ती सांगू शकत होती, हिंदी तिला माझ्यापेक्षा चांगली येत होती. ती थांबली होती.

"पूछ रही है," मी म्हणालो, "जब बताया था कि आगे पार नहीं कर सकते, तो गए क्यों."

"किसको बताया था?"

हंसाबाईला प्रश्न कळला, हिंदी तिलाही कळत होती. "हो, कोनाले सांगतलं होतं बुढ्यानं?" तिनेही विचारलं. मला दोघांना एकच उत्तर द्यायचं होतं आणि ते तोंडातून कोणत्या भाषेत निघतंय हे माझ्या हातात राहिलं नाही.

"मले," मी म्हणालो. "मले सांगतलं होतं."

मग हिंदीत सांगितलं. निशीने थांबायचं विचारलं होतं, मी नको म्हणालो. शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता, मला होता. खेमसिंग एक पाऊल माझ्याकडे आला. मला वाटलं तो मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी तो निशीकडे वळला. "फिर भी देखना चाहिए था. बाप बोले, भगवान बोले, आवाज सुना तो रुकना है. याद रहेगा?" ती म्हणाली, राहील. "दो आदमी निकाले तूने," तो म्हणाला. "पहली तारीख को पहुँच जाना." मग तो हंसाबाईच्या शेळ्यांमध्ये जाऊन पाठ करून बसला.

"बाबा, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" निशीने विचारलं.

"होतं."

"का?"

"तू घरी यावंस म्हणून." एवढं बोलायला मला चार दिवस लागले होते, आणि बोललो तर त्यात काहीच नव्हतं. लहान मूल बोलेल तसं ते वाक्य होतं. निशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. माझ्या जवळ आली नाही. मग तिने हातातलं वल्हं माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "तुम्हाला उतार बघता येतो ना."

"पाहून जा बापू," हंसाबाई म्हणाली. "पुरानं मधातली वाळू हालली असन."

मी पँट वर दुमडली आणि पाण्यात शिरलो. वल्हं पुढे टेकवायचं, मग पाय. पुन्हा वल्हं, पुन्हा पाय. टोकाला वाळू लागली की गोटा, ते मनगटापर्यंत कळत होतं. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. मधोमध एक दगड डुगडुगला, मी थांबलो, डावीकडे चाचपलं, तिथं खोल होतं, उजवीकडे घट्ट वाळू मिळाली. सोललेल्या तळव्यांना वल्ह्याचा दांडा झोंबत होता. पाणी कमरेला लागलं आणि पुढच्या पावलाला उतरलं. मग मी मागे वळलो. ती काठावर उभी होती, सामान खांद्यावर घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"ये निशी," मी म्हणालो. "उतार हाय."